चाळिशीचे ओझे कोणाचे?



गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौल दोन गोष्टी सांगतो. वरवर पाहता त्या एकमेकींना छेद देतात. दुसऱ्या वचनात तो म्हणतो की आपण एकमेकांच्या ओझ्याला खांदा द्यावा, ख्रिस्ताचा नियम पाळण्याचा मार्ग तोच आहे. आणि लगेच पाचव्या वचनात म्हणतो की प्रत्येकाला आपापला भार स्वतःच उचलायचा आहे. मूळ ग्रीक भाषेत या दोन ठिकाणी दोन निराळे शब्द आहेत. पहिला माणसाला वाकवून टाकणाऱ्या जड वजनासाठी आहे, दुसरा प्रवाशाने आपल्या पाठीवर घ्यायच्या गाठोड्यासाठी. तेव्हा पौलाच्या बोलण्यात विसंगती नाही. पण कोणते वजन गाठोडे आणि कोणते ओझे, हे ठरवण्याचे काम त्याने आपल्यावर सोडले आहे.

आज हा प्रश्न आम्ही एका अगदी घरगुती वस्तूविषयी विचारणार आहोत. ती वस्तू म्हणजे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा चष्मा.

वयाची चाळिशी आली की डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते, कागद हातभर लांब धरावा लागतो आणि मग नाकावर येते ती 'चाळिशी'. वयाचे नाव वस्तूला देऊन आपल्या भाषेने केव्हाच सांगून ठेवले आहे की, हे सर्वांना होणारच. पुढे साठीच्या आसपास अनेकांना मोतीबिंदू येतो. मधुमेह असेल तर डोळ्याचा पडदा आतून खराब होऊ लागतो. काचबिंदू तर चोरपावलांनी येतो. दुखत नाही, खुपत नाही, बाजूची नजर थोडी थोडी जात राहते, आणि गेलेली परत येत नाही. वेळीच तपासले तर उरलेली राखता येते, एवढेच.

आता याचा खर्च कोणी करायचा?

नोकरीत असताना हा प्रश्न पडत नाही. पगार चालू असतो, कंपनीचा डॉक्टर असतो, कामासाठी नजर हवी म्हणून मालकही लक्ष ठेवतो. निवृत्तीनंतर कपाटातून पॉलिसीचे कागद बाहेर येतात. आपल्या देशात 'मेडिक्लेम' या नावाने आरोग्य विमा १९८६ साली सुरू झाला. रुग्णालयात दाखल होणे हा त्याचा पाया आहे. साधारणपणे चोवीस तास खाटेवर काढले तर खर्च मिळतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, तरी 'डे-केअर' म्हणून तिचे पैसे मिळतात. पण बहुतेक पॉलिसींत त्यासाठी दोन वर्षे थांबावे लागते आणि अनेकदा रकमेलाही मर्यादा असते. २०२० साली सर्व कंपन्यांनी सारख्याच अटींवर आणलेली 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी पाहा. मोतीबिंदूसाठी चोवीस महिन्यांची प्रतीक्षा, आणि एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया करायची म्हटली, तर साडेसातपेक्षा कमी नंबराला विमा नाही. चष्मा तर सहसा न मिळणाऱ्या वस्तूंच्याच यादीत असतो. वर्षातून एकदा डोळे दाखवण्याची फी, थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा पाहण्याचा खर्च, काचबिंदूचे रोजचे औषध, हे बहुधा ज्याचे त्याने पाहायचे. जादा हप्ता भरून बाह्यरुग्ण तपासणीची जोड घेता येते, हे खरे. पण निवृत्तीनंतर ती घेणारे आम्हांला फारसे भेटलेले नाहीत.

सरकारी योजनांचीही रेघ साधारण तेथेच पडते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असो, 'आयुष्मान' योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. ही मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी अजून कार्ड काढलेले नाही त्यांनी ते जरूर काढावे. पण तीही दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. नंबर काढून घेण्यासाठी आणि चष्म्यासाठी नाही.

वसईतील कित्येक घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांचे आईवडील मोठ्या अभिमानाने सांगतात की, तिकडे म्हाताऱ्यांचे सगळे सरकार बघते. सगळे नाही. पासष्टीनंतरच्या लोकांसाठी तेथे 'मेडिकेअर' नावाची योजना आहे. तिचा कायदा १९६५ साली झाला आणि त्या कायद्यानेच नेहमीची नेत्रतपासणी आणि चष्मा वगळले. मधुमेह्यांची आणि काचबिंदूचा धोका असलेल्यांची वार्षिक तपासणी तिच्यात बसते. साधा चष्मा मात्र मिळतो तो मोतीबिंदू काढून आत भिंग बसवल्यानंतर, एक जोडी. म्हणजे आधी डोळ्याला शस्त्र लावून घ्या, मग चष्म्याचे बघू!

आम्ही हे विमा कंपन्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यात तर्क आहे. जे घडेलच असे नाही त्यासाठी अनेकांनी थोडे थोडे बाजूला काढायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला ते द्यायचे, याला विमा म्हणतात. घराला आग लागेलच असे नाही, म्हणून आगीचा विमा उतरवता येतो. चाळिशी तर सर्वांनाच लागते. सर्वांनी भरायचे आणि सर्वांनी तेवढेच परत घ्यायचे, मग मध्ये कंपनी हवी कशाला? पौलाच्या भाषेत सांगायचे तर विमा म्हणतो की शस्त्रक्रिया हे ओझे आहे, ते आपण मिळून उचलू. चष्मा हे गाठोडे आहे, ते तुमचे तुम्ही बघा.

हिशेब म्हणून हे बरोबर आहे. आमचा आक्षेप असा की, हिशेबासाठी आखलेली रेघ आपण हळूहळू कर्तव्याची रेघ मानू लागलो आहोत. पॉलिसीत नाही म्हणजे ते महत्त्वाचे नाही, असे घराघरांत होऊन बसले आहे.

एकाच मिस्साला, एकाच बाकावर बसणाऱ्या तिघांचा विचार करा. पहिला रेल्वेतून निवृत्त झालेला. निवृत्तीच्या वेळी त्याने ठरलेली रक्कम एकदाच भरलेली असेल, तर तो आणि त्याची पत्नी मुंबई सेंट्रलच्या जगजीवन राम रुग्णालयात जाऊन डोळे दाखवू शकतात. दुसरा खासगी कारखान्यातून घरी आलेला. भविष्य निर्वाह निधीच्या ज्या पेन्शनवर तो आहे, तिची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली होती. त्याला दर वर्षी तपासणी आणि दोन वर्षांनी नवा चष्मा हे गाठोडे म्हणता येईल का? तिसरी आहे वाडीत केळी आणि फुले वाढवण्यात जन्म गेलेली बाई. तिला निवृत्तीच नाही, मग निवृत्तिवेतन कुठले? नवऱ्याच्या मागे त्याचाच जुना चष्मा लावून ती वाचते. आम्ही असे चष्मे पाहिले आहेत. एका दांडीला दोरा बांधलेला असतो आणि नंबर दुसऱ्याच कोणाचा असतो. वस्तू तीच, पण एकाच्या पाठीवर ती गाठोडे आहे आणि दुसऱ्याला वाकवणारे ओझे.

यावर एक उत्तर आम्ही ऐकतो. ते उघडपणे कोणी म्हणत नाही, पण मनात असते. आता या वयात यांना कुठे कामाला जायचे आहे? वाचायचे तरी काय राहिले? टीव्हीवरचे दिसते ना, मग झाले.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी ॲरिस्टॉटलच्या ज्या ग्रंथापासून आमचा अभ्यास सुरू झाला, त्याच्या अगदी आरंभी नेमके याचेच उत्तर आहे. माणसाला जाणून घेण्याची ओढ स्वभावतः असते, आणि याचा पुरावा म्हणून तो आपले इंद्रियांवरचे प्रेम दाखवतो. त्यातही डोळ्यांवरचे प्रेम सर्वांत जास्त. काही करायचे नसले तरी माणसाला पाहायला आवडते, असे तो म्हणतो. उपयोगापलीकडचे हे पाहणे त्याला माणूसपणाची खूण वाटले. संत थॉमस अक्वायनसनेही दृष्टीला इंद्रियांत वरचे स्थान दिले. नातवाच्या चेहऱ्यावरचे हसू पाहणे, वेदीवर उंचावलेली पवित्र भाकर पाहणे, यांतून काहीच उत्पन्न होत नाही. निवृत्त माणसाच्या नजरेची किंमत त्याच्या कामावरून करायची ठरली, तर उद्या त्याचीच किंमत कामावरून करावी लागेल. पोप तेविसावे योहान यांनी १९६३ सालच्या 'पाचेम इन तेरिस' या विश्वपत्रात आजारपण आणि वार्धक्य यांतील आधार हा माणसाचा हक्क म्हणून मांडला, तो याच कारणाने. माणूस उपयोगी आहे म्हणून त्याला हक्क मिळत नाहीत.

नजर अधू झाली की घरात काय होते, हे पवित्र शास्त्राइतके स्पष्टपणे कोणी लिहिलेले नाही. इसहाकाच्या डोळ्यांना दिसेनासे झाले आणि पोटच्या मुलाने त्याला फसवले. पण त्याहून जवळचे चित्र तोबीताच्या पुस्तकात आहे. तोबीत हा दानधर्म करणारा, बेवारस मृतांना मूठमाती देणारा सज्जन. त्याच्या डोळ्यांवर पांढरे सारे आले. तो वैद्यांकडे गेला, पण औषधांनी उलट जास्तच बिघडले. अहिकार नावाच्या नातलगाने दोन वर्षे त्याचा सांभाळ केला, मग तो परगावी निघून गेला. (आधाराची मुदत संपणे ही काही आजची गोष्ट नाही.) त्यानंतर त्याची बायको अन्ना विणकाम करून घर चालवू लागली. एकदा मालकांनी मजुरीबरोबर खूश होऊन तिला एक करडू दिले. तोबीताला करडाचा आवाज आला. ते दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. त्याने बायकोवर चोरीचा आळ घेतला. ती म्हणाली ते खरे त्याला वाटेना. भांडण झाले, तिनेही त्याचा सगळा दानधर्म काढला, आणि शेवटी हा भला माणूस देवाजवळ मरण मागू लागला.

हे करडू आम्ही पुष्कळ घरांत पाहतो. सासऱ्यांना वाटते सून पेन्शनचे पैसे कमी देते, कारण नोटा ओळखू येत नाहीत. आजी म्हणते माझ्या भाजीत केस होता, सून म्हणते नव्हता. आजोबा पहाटेच्या मिस्साला यायचे बंद होतात आणि सर्वांना वाटते की त्यांची श्रद्धा कमी झाली. खरे म्हणजे त्यांना चर्चच्या पायऱ्या दिसत नसतात. कबुलीजबाबाला आल्यावर आम्हांला रागाची पापे सांगितली जातात. त्यांतली काही, आमच्या अंदाजाने, चष्म्याच्या दुकानात सुटण्यासारखी असतात.

शिवाय जाणारी नजर ज्याची जाते त्यालाच कळत नाही. ती सवयीत विरून जाते. तांदूळ निवडणे बंद होते, भर दुपारी दिवा लावला जातो, चहा कपाच्या काठावरून सांडतो, फोन आला तर नाव न वाचताच उचलला जातो. विचारले तर म्हणतात, मला काही त्रास नाही. मुलांवर खर्च पडू नये म्हणूनही म्हणतात. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, ही जुनी समजूत अजून आहेच. आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते. २०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या सरकारी पाहणीत, पन्नाशीपुढील अंधत्वाचे सुमारे दोन-तृतीयांश कारण मोतीबिंदू हेच निघाले, म्हणजे ज्याला पक्का उपाय आहे तेच.

आता मुलांकडे वळू. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू शास्त्री आणि परुशी यांना 'कुर्बान'वरून खडसावतो. आईवडिलांना ज्याचा उपयोग झाला असता ते मी देवाला अर्पण केले आहे असे म्हटले की त्यांच्या जबाबदारीतून सुटका, अशी पळवाट त्यांनी काढली होती. अर्पण वाईट नव्हते. त्याची ढाल करणे वाईट होते. आमच्या मते आजच्या काळातला कुर्बान म्हणजे मेडिक्लेमचा हप्ता. मम्मी-पप्पांचा मेडिक्लेम काढला आहे ना, दर वर्षी एवढे हजार भरतो, अजून काय करू? हप्ता भरणे चांगलेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आणि नंबरच्या चष्म्यावरचा ५ टक्क्यांवर आला, तेव्हा तो भार थोडा हलकाही झाला आहे. पण हप्ता मोठ्या आजाराची वाट पाहत बसतो. आईला सुईत दोरा ओवता येतो का, हे तो विचारत नाही. चौथ्या आज्ञेची पॉलिसी निघत नाही.

आणि आता आपल्या धर्मग्रामाची गोष्ट. आपला वैद्यकीय मदत निधी मोठा नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातला ठरावीक हिस्सा ज्येष्ठांच्या नेत्रतपासणीसाठी आणि चष्म्यांसाठी ठेवावा, असे आम्ही धर्मग्राम परिषदेत सुचवले. परिषदेत एकमत नव्हते. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. त्यांच्या मते निधी थोडा आहे, तो जीव वाचवण्यासाठी राहू द्यावा. शंभर चष्म्यांनी कोणाचा जीव वाचत नाही, एका हृदयशस्त्रक्रियेला दिलेल्या मदतीने वाचतो. शिवाय ज्यांची मुले कमावती आहेत त्यांचा भार धर्मग्रामाने का घ्यावा?

जीव आणि नजर यांत निवड करायची तर जीव आधी, यात वाद नाही. पण निवड खरोखर तशी आहे का? हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आज ठोठावायला दारे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान आहे, मेडिक्लेम आहे, धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा आहेत. ती सर्व दारे उघडतातच असे नाही आणि तेथे खेटे घालावे लागतात, हेही आम्ही पाहिले आहे. तरी दारे आहेत. डोळ्यांच्या साध्या तपासणीसाठी आणि चष्म्यासाठी असलेले दार फार अरुंद आहे. जेथे दुसऱ्या कोणाचा पैसा पोहोचत नाही तेथे ख्रिस्तसभेचा थोडा पैसा आधी जावा, असे आम्हांला वाटते. कमावत्या मुलांच्या आईवडिलांविषयी मात्र विरोधकांशी आम्ही सहमत आहोत. तेथे निधी नको, तेथे मुलांशी बोलायला आम्ही स्वतः घरी येऊ.

या बाबतीत आपल्यापुढे एक जुने उदाहरण आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्म्याचा शोध लागला. १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये एका डॉमिनिकन धर्मगुरूने चक्क प्रवचनात या नव्या कलेचे कौतुक केले. म्हणजे चष्म्यावर बोलणारे आम्ही पहिले धर्मगुरू नव्हे! पण ज्याने पहिला चष्मा केला तो आपली युक्ती कोणाला सांगेना. पिसा येथील मठात अलेस्सांद्रो देल्ला स्पिना नावाचा एक डॉमिनिकन बंधू होता. त्याने चष्मा नुसता पाहिला, स्वतः करून बघितला आणि आनंदाने ज्याला त्याला शिकवून टाकला. त्याचा मठबंधूंनी लिहिलेला इतिहास उपलब्ध आहे. १३१३ साली तो वारला.

आपल्याकडेही अशी माणसे झाली. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झाले. संधिवाताने बोटे वाकडी झालेली होती. १९७६ साली त्यांनी मदुराईत अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ज्याला परवडते त्याने पैसे द्यायचे, त्यातून ज्याला परवडत नाही त्याचेही व्हायचे, असा तेथला हिशेब आहे. हाही एक प्रकारे विमाच म्हणायचा. फक्त त्यात रेघ वेगळ्या ठिकाणी आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. राज्य सरकारने २०२४ साली 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' आणली. ज्यांचे वय ६५ वर्षे पूर्ण आहे आणि कौटुंबिक उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत आहे, त्यांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची तीत तरतूद आहे. अर्ज सध्या घेतले जात आहेत का, याची चौकशी आपले स्वयंसेवक समाजकल्याण कार्यालयात करतील. चष्म्याच्या दुकानातील मोफत तपासणीत फक्त नंबर कळतो. डोळ्यातील दाब आणि पडदा डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावा लागतो. मधुमेह्यांनी तर दर वर्षी, काही त्रास नसला तरी. शस्त्रक्रिया झाल्यावर पुन्हा दाखवायला जाणेही टाळू नये. बेथसैदा येथील आंधळ्यावर प्रभूने हात ठेवले, तेव्हा त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. प्रभूने काही दिसते का असे त्याला विचारले होते आणि उत्तर ऐकून पुन्हा एकदा हात ठेवले.

परिषदेचा निर्णय पुढील बैठकीत होईल. तोवर प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या भागातील साठीपुढच्या व्यक्तींची यादी करावी आणि शेवटची नेत्रतपासणी कधी झाली तेवढे त्यापुढे लिहावे. तपासणी झालीच नसेल तर तसे लिहावे. यादी संत लुसीच्या सणाआधी, म्हणजे १३ डिसेंबरपूर्वी, धर्मग्राम कार्यालयात द्यावी. नाव द्यायला त्या व्यक्तीने स्वतः येण्याची गरज नाही. शेजाऱ्याने दिले तरी चालेल.

आपला,
प्रमुख धर्मगुरू